कुसळांच्या मुलखातली चित्रे

माझी भाची पुण्यात चित्रकला शिकते. दिवाळीच्या सुट्टीत ती सांगलीला आमच्याकडे आली, तेव्हा तिने मोबाइलवर अमेरिकेतल्या मार्फा नावाच्या एका गावाची छायाचित्रे दाखवली. टेक्सासच्या पश्चिमेला, चिवावा वाळवंटाच्या कडेला वसलेले हे दोन हजारांच्या आतल्या वस्तीचे गाव आहे. डोनाल्ड जड हे शिल्पकार १९७०च्या दशकात न्यूयॉर्क सोडून तिथे गेले आणि लष्कराने टाकून दिलेल्या इमारतींत त्यांनी कायमस्वरूपी कलाकृती मांडायला घेतल्या. १९८६ साली त्यांनी चिनाती ही संस्था काढली. तोफखान्याच्या दोन जुन्या शेडांमध्ये तिथे ॲल्युमिनियमच्या १०० पेट्या ओळीने ठेवलेल्या आहेत आणि त्यांवर पडणारे ऊन पाहायला जगभरातून माणसे जातात. हे सगळे सांगून झाल्यावर भाचीने विचारले, “मामा, आपल्याकडे असं कुठं काही आहे का हो?”

मी एकतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. मुलांच्या सहली कोल्हापूरला नेल्या, मुंबईला जहांगीर कलादालन दाखवले, एकदा वेरूळलाही गेलो. पण सांगलीपासून अडीच-तीन तासांवर असलेल्या सातारा जिल्ह्यातल्या औंधला, तिथे राजाने जमवलेला चित्रसंग्रह असूनही, मी एकही वर्ग कधी नेला नाही, आणि त्याचे कारण आजही मला धडपणे सांगता येत नाही. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सौ., भाची आणि मी असे तिघे गाडी काढून तीन दिवसांसाठी माणदेशाकडे निघालो.

माणदेश भूगोलाच्या पुस्तकातले वाळवंट नव्हे. सह्याद्रीने अडवलेल्या ढगांच्या उष्ट्यावर जगणारा हा मुलूख आहे. सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि तिथून शे-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला माण, आटपाडी या भागात ५०० मिलिमीटरचीही खात्री नसते. इथली माणसे साल सांगताना सनापेक्षा दुष्काळ सांगतात. बहात्तरचा दुष्काळ म्हटले की पुढे काही बोलावे लागत नाही.

पहिला दिवस, गुरुवार

सकाळी सातला सांगली सोडली. औंधला जायला सरळ रस्ता विट्यावरून आहे, तरी मी मुद्दाम पलूसकडून किर्लोस्करवाडीला वळसा घेतला, कारण औंधच्या राजाची गोष्ट मला तिथूनच सुरू करायची होती. बेळगावातली जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली औंध संस्थानाने कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि त्या माळावर नांगराच्या कारखान्याचे गाव उभे राहिले, हे सांगली जिल्ह्यात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण लक्ष्मणराव मुळात चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले होते आणि डोळ्यांना रंग नीट ओळखता येत नसल्यामुळे त्यांना ते शिक्षण सोडावे लागले, हे भाचीला नवे होते. “म्हणजे रंग दिसले असते तर नांगर झाला नसता,” ती म्हणाली. पुढे १९२० साली याच वाडीतून शंकरराव किर्लोस्करांनी मासिक काढले, आणि हे शंकररावही चित्रकला शिकलेले व्यंगचित्रकार होते. आज तिथे ऊस आहे, द्राक्षे आहेत, निवडुंग शोधावा लागतो. आम्ही चहा घेऊन अर्ध्या तासात निघालो.

कडेगावात जेवलो. मोहरमला इथे उंचच्या उंच ताबूत निघतात आणि त्यांत हिंदू-मुसलमान दोघांचेही हात असतात. फेब्रुवारीत अर्थातच ते काही पाहायला मिळणार नव्हते. कडेगाव मागे पडले आणि पुसेसावळीच्या दिशेने रस्ता चढू लागला तसा मुलूख बदलला. उसाचा हिरवा संपून ज्वारीच्या काढलेल्या ताटांचा पिवळा आला, आणि मग त्यालाही दम लागल्यासारखी मोकळी, करड्या रंगाची रानेच दिसू लागली. जागोजागी बोरी, बाभळी आणि वाऱ्याने एका अंगाला झुकलेली कुसळे. वहीत रंग टिपून ठेवणाऱ्या भाचीने नंतर मला पान दाखवले, त्यावर तपकिरीच्या अकरा छटा होत्या आणि हिरवी एकच, तीही गाडीतून दिसलेल्या एका रंगवलेल्या दाराची.

औंधला आम्ही ऊन कलताना पोहोचलो. गावात सौ.च्या लांबच्या मावशी राहतात, त्यांच्याकडे मुक्काम होता. मावशींचे वय ऐंशीच्या पुढे आहे. त्यांनी आम्हाला पाणी दिले ते तांब्या आणि पेला वेगवेगळे ठेवून. पेल्यात हवे तेवढेच ओतून घ्यायचे, उष्टे पाणी टाकायचे नाही. नळाला आता पाणी येते, पण हात ती सवय सोडत नाही, असे त्यांनीच सांगितले.

संध्याकाळी गावातले यमाईचे देऊळ आणि तिथली दीपमाळ पाहिली. मी पाहिलेल्या दीपमाळांत एवढी दांडगी दुसरी आठवत नाही. रात्री मावशींनी संगीत उत्सवाच्या आठवणी काढल्या. औंधच्या दरबारी गाणारे अंतूबुवा जोशी हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य, आणि त्यांचे चिरंजीव गजाननबुवा गायनात आणि व्हायोलिनवादनात सारखेच नाणावलेले. १९४० पासून इथे आश्विन महिन्यात हा उत्सव होत आला आहे. “रात्रभर गाणं चालायचं. कळायचं काही न्हाई, पण उठवत न्हवतं,” मावशी म्हणाल्या. समीक्षेचे पुष्कळ लेख मी वाचले आहेत, त्यांत इतके नेमके वाक्य मला क्वचित सापडले.

दुसरा दिवस, शुक्रवार

औंधची खरी भेट आज होती, म्हणून सकाळ पूर्ण तिलाच दिली. आधी डोंगरावरच्या मूळपीठ यमाईचे दर्शन घेतले. वरून पाहिले म्हणजे औंध केवढेसे आहे ते कळते. एवढ्याशा गावातून कारभार चालणारे हे संस्थान ७२ गावांचे होते आणि ती गावेही एकाला एक लागून नव्हती. औंध इथे, आटपाडी पूर्वेला, कुंडल दक्षिणेला, अशी ठिगळे सातारा, सांगली आणि पार विजापूरपर्यंत विखुरलेली. त्याचे राजे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) १९०९ साली गादीवर आले. ते स्वतः चित्रे काढत, कीर्तन करत, आणि सूर्यनमस्काराचा प्रसार तर त्यांनी इतक्या नेटाने केला की आज आपण जे नमस्कार घालतो त्यांवर त्यांची छाप आहे. १९३९ साली त्यांनी आपले अधिकार रयतेच्या हाती देणारी घटना मान्य केली आणि तिच्या घडणीत गांधीजींचा सल्ला होता. माझ्या मते राजाने गादी असताना सत्ता सोडणे हेही रेखाटनासारखेच आहे. कुठली रेघ काढू नये, हे ज्याला कळते त्याचेच चित्र उभे राहते.

डोंगराच्या उतारावर श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे. इमारत १९३८ची, पण ती राजवाड्यासारखी मिरवत नाही. आत शिरल्यावर पहिली अर्धी घटका मी शिक्षकासारखा भाचीला माहिती सांगत फिरलो, नंतर माझे मलाच लाजल्यासारखे झाले आणि मी गप्प बसलो.

राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रे इथे आहेत. आपण सगळे रविवर्म्याला कॅलेंडरावर, उदबत्तीच्या पुड्यावर, आजीच्या देवघरात पाहत वाढलो, त्यामुळे त्याला ओळखतो असे आपल्याला वाटते. मूळ चित्रासमोर उभे राहिल्यावर कळते की छपाईने त्याचा सगळा हात पुसून टाकला होता. लुगड्याच्या जरीकडे मी नाकाला चष्मा लावून पाहिले. लांबून लखलखणारी ती जर जवळून निव्वळ मातकट पिवळा रंग, त्याच्या कडेला गडद तपकिरी आणि वर कुंचल्याच्या टोकाने टेकवलेला एखादा फिकट ठिपका, एवढीच असते. सोने रंगवताना त्याने सोन्याचा रंग वापरलेला नाही. मी तीस वर्षे मुलांना सोनेरी पावडरच्या डबीपासून दूर राहा असे ओरडून सांगत आलो; ही एक चौकट दाखवली असती तर घसा वाचला असता.

धुरंधरांची चित्रे आहेत, बाबुराव पेंटरांची आहेत, पहाडी शैलीतली किरात आणि अर्जुन यांच्या कथेची चित्रमालिका आहे, चंदनावरचे आणि हस्तिदंतावरचे कोरीवकाम आहे. पाश्चात्त्य चित्रकारांच्या प्रसिद्ध चित्रांच्या नकलाही आहेत आणि त्यांपुढून अनेक जण नाक मुरडून पुढे सरकतात. मला ते पटत नाही. रंगीत छपाईची पुस्तके महाग आणि दुर्मीळ होती त्या काळात खटाव तालुक्यातल्या मुलाला युरोपातली चित्रकला दिसायची असेल तर नक्कल हाच एक रस्ता होता, आणि राजाने तो पैसे मोजून बांधला.

एका ठिकाणी भाची थबकली. समोर हेन्री मूरचे दगडातले माता आणि मूल होते. “मामा, हा मूर? इथं?” लंडन-न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत ज्याची शिल्पे पाहायला लोक जातात त्या शिल्पकाराचे काम यमाईच्या डोंगरावर आहे, हे तिच्या महाविद्यालयात तिला कोणी सांगितले नव्हते. माझ्यासारख्यानेही तिला सांगितले नव्हते. ती खाली फरशीवर बसून अर्धा तास ते रेखाटत राहिली. तेवढ्यात झेडपीच्या शाळेची एक सहल आली, मुलांची रांग आमच्या दोघांमधून सरकत गेली, आणि शेवटची एक मुलगी शिल्पाकडे न पाहता भाचीच्या वहीकडे पाहत उभी राहिली. बाईंनी हाक मारली तेव्हा ती गेली, पण दारातून पुन्हा एकदा वळली.

मार्फा आणि औंध यांची तुलना करायचा मोह मला तिथेच झाला. मार्फाला कलावंत बाहेरून आला, त्याने रिकामे गाव निवडले, आणि गावाचे रिकामेपण हा त्याच्या कलेचा भाग झाला. औंधच्या राजाने रिकामेपण भरून काढायचा ध्यास घेतला होता. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर इथे येऊन राहिले, गवई आले, चित्रकार आले. शाळेत शिकायला परगावची गरीब मुले आली. त्यांत एक पुढे साने गुरुजी झाला आणि एक गदिमा. पाऊस नाही तर नाही, माणसे तरी येऊ देत, असा काहीसा तो हिशेब असावा. यात कोण थोर हे ठरवण्यात मला रस नाही, पण भाचीने मार्फाचे फोटो पाहून उसासे टाकण्याआधी हे पाहिले असते तर बरे झाले असते, असे मी तिला बोलून दाखवले. त्यावर ती शांतपणे म्हणाली, “मामा, तुम्ही दाखवलं असतं तर.”

दुपारी वडूज, दहिवडी, गोंदवले करत म्हसवडला गेलो. गोंदवल्याला ब्रह्मचैतन्य महाराजांच्या समाधीचे दर्शन आणि प्रसाद झाला. म्हसवडला सिद्धनाथाचे देऊळ पाहिले. मार्गशीर्षातल्या रथयात्रेत इथे माणसांचा समुद्र लोटतो. आज मात्र देवळात आम्ही आणि दोन म्हातारे एवढेच होतो, आणि माणगंगेचे पात्र कोरडे पडले होते.

म्हसवडात माझे खरे काम घोंगडी पाहण्याचे होते. विचारत विचारत एका सनगराच्या, म्हणजे घोंगडी विणणाऱ्याच्या घरी गेलो. घराच्या पडवीत जमिनीत खड्डा घेऊन बसवलेला माग होता, विणणारा माणूस पाय खड्ड्यात सोडून बसला होता. लोकर धनगराच्या घरून येते, सूत बायका काततात, आणि ताणा लावण्याआधी त्याला चिंचोक्याची खळ चढवतात. चिंचोके भाजून, भरडून, शिजवून केलेली ती चिकट खळ कुंच्याने सुतावर ओढत नेताना त्याचा जो ताल होता तो मी नुकताच रविवर्म्याच्या समोर मनात कल्पिला होता. खळ कमी पडली तर सूत तुटते, जास्त झाली तर घोंगडी पत्र्यासारखी कडक होते. “मग बरोबर किती ते कसं कळतं?” भाचीने विचारले. त्यांनी उत्तर न देता तिचा हात धरून ओल्या सुतावरून फिरवला. मग म्हणाले, “आता कळलं? न्हाई ना? पाच-सात वर्षं लागत्यात.”

घोंगडीत रंग घालत नाहीत. काळ्या मेंढीचा काळा, पांढरीचा पांढरा, आणि म्हाताऱ्या मेंढीचा तो मधला करडा. आदल्या दिवशी भाचीने टिपलेल्या अकरा छटांतल्या चार-पाच त्या मागावर होत्या. त्यांचा मुलगा मात्र पुण्यात एका कंपनीत आहे. धोटा हातात धरायला त्याला वेळ नाही, आणि त्याबद्दल बापाची तक्रारही नव्हती. “ह्यात पोट भरंना, त्याला कशाला डांबू?” आम्ही एक घोंगडी घेतली. सौ.ने घासाघीस सुरू केली तशी मी तिला खुणेने थांबवले. तिला ते आवडले नाही आणि रात्री लॉजवर पोहोचेपर्यंत ती माझ्याशी मोजकेच बोलली.

तिसरा दिवस, शनिवार

म्हसवडहून दिघंचीमार्गे आटपाडी. शनिवार गाठला तो मुद्दाम, कारण आटपाडीचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार त्या दिवशी असतो. बाजारात जत तालुक्यातल्या माडग्याळ जातीच्या मेंढ्यांचे बकरे होते: लांबच लांब पाय, पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग आणि पोपटाच्या चोचीसारखे बाक घेतलेले नाक. एका बकऱ्याच्या कपाळावर गुलाल, गळ्यात रंगीत गोंड्यांची माळ होती. मालकाने किंमत सांगितली ती मला चुकीची ऐकू आली असे वाटून मी पुन्हा विचारली. आकडा लाखांतच होता. “नाक बघा की पावणं,” तो म्हणाला, “नाकाचं पैसं हायती.” नाकाच्या वळणाला मोल देणारा बाजार असतो, ही गोष्ट चित्रकलेच्या शिक्षकाला आवडावी अशीच होती. भाचीने ते नाक काढले. भोवती पंधरा-वीस माणसे गोळा झाली आणि बाक कुठे कमी पडला हे त्यांनी तिला बोट ठेवून दाखवले. तिने दोनदा खोडले. तिसऱ्या वेळी गर्दीतून “आत्ता जमलं” असा आवाज आला.

आटपाडीही औंध संस्थानातली. गावाजवळच स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत आहे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस मॉरिस फ्रीडमन या पोलंडमधून आलेल्या अभियंत्याच्या कल्पनेला औंधच्या राजाने जागा दिली, आणि खुनाच्या शिक्षेतले कैदी इथे भिंतीवाचून, कुटुंबांसह शेती करत राहू लागले. या प्रयोगावरूनच गदिमांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट केला. आम्ही रस्त्यावरूनच पाहिले. तिथे माणसे राहतात, त्यांच्या शिक्षेचे प्रदर्शन पाहायला आत जाणे मला बरे वाटेना. कुंपणापलीकडची शेती हिरवी होती. टेंभू योजनेतून उचललेले कृष्णेचे पाणी आता या तालुक्यात फिरते, आणि त्यावर डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या आहेत.

शेटफळे हे गदिमांचे जन्मगाव (१९१९) आणि माडगुळे हे दोघा माडगूळकर बंधूंचे गाव, दोन्ही याच तालुक्यात. माडगुळ्याच्या वाटेवर झाडाखाली डबा सोडला. ऊन असे होते की सावलीची कड सुरीने कापल्यासारखी दिसत होती. औंधच्या राजाने रामायणावर चित्रमाला रंगवली आणि त्याच औंधला शिकलेल्या मुलाने पुढे १९५५ साली पुणे आकाशवाणीसाठी ५६ गीतांत रामायण सांगितले, हे मी जेवताना बोललो. सौ.चा अबोला इथे सुटला. तिने भाकरी हातात धरूनच गीतरामायणातली दोन गाणी म्हटली, आणि दुसऱ्या कडव्याला रानात शेळ्या राखणारी एक बाई जवळ येऊन दगडावर बसली.

परतताना विट्याच्या अलीकडे गाडीचे चाक बसले. बाभळीचा बोटभर काटा टायरात शिरला होता. जॅक लावायला मला जमेना, तेवढ्यात मागून येणारी एक गाडी थांबली आणि चाळिशीतला एक माणूस उतरला. तो गलाईवाला होता. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसे सोने गाळण्याच्या धंद्यात देशभर पांगली आहेत; हा केरळात असतो आणि घरच्या लग्नासाठी गावी आला होता. मुशीत सोने वितळवून हाताच्या बोटांवर भाजल्याच्या खुणा पडलेल्या होत्या. चाक बदलताना त्याने चौकशी केली, “कुठनं आलासा?” मी औंध, म्हसवड, आटपाडी असे सांगितले. तो हसला.

“औंधला शाळेची सहल गेली हुती आमची, सातवीत,” तो नट आवळता आवळता म्हणाला. “चितरं लई हुती, सगळी इसरली. त्यो एक दगडाचा हाय बघा, आई आन् पोर. आमच्या गवंड्यानं अर्ध्यात सोडल्यागत. त्यो मातर कधी डोक्यातनं ग्येला न्हाई. हाय का अजून?”

“आहे,” भाची म्हणाली, आणि गाडीतून वही आणून तिने ते पान त्याच्यापुढे धरले. हात ग्रीसने काळे झालेले असल्यामुळे त्याने ते मागे बांधले आणि वाकून बराच वेळ पाहिले.